आक्काच्या कॅलिपरचा सांधा

शनिवारी फर्स्ट शिफ्ट करून मी घरी आले तेव्हा आक्का ओट्याला धरून एका पायावर उभी होती आणि तिच्या पायाचं कॅलिपर खाली फरशीवर पडलं होतं. चहा मात्र उकळत होता. जग बुडालं तरी आमच्या आक्काचा चहा चुकायचा नाही.

"मोडलं," ती म्हणाली.

"कुठं?"

"गुडघ्यापाशी. बाहीरच्या अंगाला."

मी खाली बसले. कॅलिपर बघायला म्हणून नव्हे, नुसतीच बसले. पहाटे साडेपाचला न्हावऱ्याच्या चौकात कंपनीची गाडी येते. तिथून रांजणगाव, मग आठ तास उभ्यानं काम आणि परत तीच गाडी. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचे पाय संध्याकाळी स्वतःचे राहत नाहीत. आमच्या कंपनीत फ्रिजच्या नळ्या तयार होतात. तांब्याला तांबं, तांब्याला ॲल्युमिनियम, गॅसच्या ज्योतीवर जोडायचं. त्याला ब्रेझिंग म्हणतात आणि मी ब्रेझिंग ऑपरेटर. चौदा वर्षं झाली, कॉन्ट्रॅक्टवरच आहे. पण माझ्या हातचा सांधा गळत नाही, हे सुपरवायझरही कबूल करतो, आणि त्या माणसाच्या तोंडून चांगला शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं नाव नकुशी. आधीच्या दोघी मुली, तिसरी हीही मुलगीच झाली, तेव्हा आजीनं नाव ठेवलं नकुशी, म्हणजे पुढं तरी मुलगी नको. पुढं मीच आले. मग घरच्यांनी नावाचा नाद सोडला आणि माझं नाव साधं अनिता ठेवलं. आक्काला तिसऱ्या वर्षी ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. तेव्हापासून मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर. दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, गुडघ्यापाशी पोलादाचा सांधा, त्यावर एक कडी. उभं राहताना कडी खाली पडते, खट् आवाज येतो आणि गुडघा ताठ राहतो. बसताना कडी वर उचलायची. माझं सगळं लहानपण त्या खट् आवाजात गेलं. आवाज आला की आक्का उठली, एवढं डोळे मिटूनसुद्धा कळायचं.

मोठ्या दोघींची लग्नं झाली. माझंही झालं, चार वर्षांत मोडलं, मी परत आले. वडील गेले, नऊ वर्षांपूर्वी आई गेली. घरात राहिलो आम्ही दोघी. आक्का शिवणाचा क्लास घ्यायची, स्वयंपाक करायची, मी नोकरी करायची. मी दमून यायची आणि तिच्यावर ओरडायची. ती ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "आज काय झालं फ्याक्टरीत?" मग मी बोलत सुटायची. कोणाची नळी गळली, कोणाला नोटीस आली, कुठल्या रॉडला किती आच लागते. तिला त्यातलं काय कळत असेल ते असेल. माझं डोकं तेवढं हलकं व्हायचं.

आणि आता, एक्कावन्नाव्या वर्षी, तिला नोकरी लागत होती. दौंडला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथली रेक्टर सोडून गेली. आक्काच्या क्लासातली जुनी पोरगी, प्राची, तिथं ऑफिसात काम करते. तिनं आक्काचं नाव सुचवलं. राहायची खोली, जेवण, पगार सगळं होतं. फक्त सेक्रेटरी फोनवर म्हणाले होते, "बाई, पोरी वरच्या मजल्यावर राहतात. बावीस पायऱ्या आहेत. दिवसातून चार वेळा वरखाली करावं लागतं. सोमवारी अकराला या, आम्हाला चढून दाखवा, मग बघू."

आक्कानं त्या दिवसापासून शेजारच्यांच्या गच्चीच्या जिन्यावर सराव सुरू केला होता. रोज सकाळी कडी पाडायची, खट्, मग एक पायरी, दुसरी पायरी. शेजारीण मला सांगायची, "आक्का लई जिद्दीची बया हाय बाई." मी हसायचे. आतून काय व्हायचं ते मी कोणाला सांगितलं नाही, आता सांगते. मला ती जायला नको होती. तिची काळजी वाटायची म्हणून नको होती, असं मी स्वतःलाही सांगून बघितलं. पण खरं ते नव्हतं. पहाटे पाचला उठून, रिकाम्या घराला कुलूप लावून जायचं आणि दुपारी तेच कुलूप काढून आत यायचं, याची मला भीती वाटत होती.

म्हणून कॅलिपर मोडलेलं पाहिलं तेव्हा पहिली गोष्ट मनात आली ती अशी की, सुंठीवाचून खोकला गेला. दुसऱ्या क्षणी लाज वाटली. पण पहिली ती पहिलीच.

"इमाममामांकडं जाऊ उद्या," आक्का म्हणाली. "त्यांनीच बसवलंय, तेच बघतील."

इमाममामा दौंडचे. रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीला होते, आता रिटायर. त्यांच्या धाकट्या भावाला, अजीमला, आक्कासारखाच पाय होता. त्याच्यासाठी ते कॅलिपर दुरुस्त करायला शिकले आणि मग आसपासच्या चार तालुक्यांतले लोक त्यांच्याकडं यायला लागले. आक्का दर दोनतीन वर्षांनी जायची.

"दौंडला कशाला?" मी म्हटलं. "घरात ब्रेझिंग ऑपरेटर बसलीय, आन् तू दौंडला जातीस?"

घरामागं वडिलांची पत्र्याची खोली आहे. ते पंप दुरुस्त करायचे. त्यांचा व्हाइस, कानशी, हातोड्या अजून जागच्या जागी आहेत. मी त्यात माझी गॅसची नळी आणि बर्नर आणून ठेवला आहे. गावातल्या फ्रिजच्या नळ्या, कोणाच्या कुकरचा कान, कोणाचा स्प्रे पंप मीच जोडते. गावात मला त्यामुळं थोडा मान आहे, आणि तो मला आवडतो, कशाला खोटं बोलू?

चहा पिऊन मी कॅलिपर व्हाइसमध्ये धरलं. बाहेरच्या पट्टीला पोलादी सांध्याच्या कडेवरच चीर गेली होती. रिवेटच्या भोकातून निघून काठापर्यंत. पांढरट, भुसभुशीत चीर. ती अशी का दिसते, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला लवकर पाठ टेकायची होती.

तारेच्या ब्रशनं घासलं. धातू नीट पसरावा म्हणून फ्लक्सची पेस्ट लावली, सांधा भरायला आमच्या लाइनवरचा तुटका रॉड होता तो घेतला. ॲल्युमिनियमचं एक वाईट असतं. तांबं तापलं की लाल होऊन सांगतं, मी तयार आहे. ॲल्युमिनियम काही सांगत नाही. तसंच पांढरं दिसतं आणि एकदम वितळून खाली पडतं. म्हणून मी साबणाची वडी घासून रेघ ओढली. साबण काळा पडला की आच पुरे, हे मला पहिल्या वर्षी एका जुन्या बाईनं शिकवलं होतं. साबण काळा पडला, रॉड टेकवला, धातू पाण्यासारखा चिरेत शिरला. चांदीसारखा सांधा. मी स्वतःच दोनदा बघितला.

आक्का दारात कुबडीवर उभी होती. "झालं?"

"थंड होऊ दे. मंग घाल."

तिनं घातलं, पट्टे आवळले, कडी पाडली. खट्. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला माझ्याकडं बघून हसली. चौथ्या पावलाला पट्टी वाकली. तुटली नाही, मेणबत्ती उन्हात वाकते तशी सावकाश बाहेर गेली, आणि आक्का पाण्याच्या पिंपावर आदळून खाली आली. माझा सांधा शाबूत होता. त्याच्या बोटभर वरची पट्टी मऊ पडली होती.

मी धावले. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तिला उठवायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि बसल्या जागेवरून विचारलं, "अने, मुद्दाम केलंस?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली.

मग ती कुबडी घेऊन उठली. भाकऱ्या केल्या, जेवलो. मी पडले, पण झोप कसली येते? कडक ॲल्युमिनियमला जास्त आच दिली की त्याचा कडकपणा जातो, हे आमच्या लाइनवर पहिल्या आठवड्यात सांगतात. नळी असेल तर चालतं, नळीवर कोणाचं वजन नसतं. मला ठाऊक होतं. बर्नर पेटवताना आठवलं होतं का? आठवलं असावं. दमलेल्या माणसाला जे आठवायचं नसतं ते आठवत नाही, असं म्हणून मी कूस बदलली.

रविवारी आम्ही चौफुल्यावर बस बदलून दौंडला गेलो. एकुलत्या सुट्टीचा दिवस, माझे पाय अजून सुजलेले, काखेत आक्काची पिशवी, पिशवीत वाकडं कॅलिपर. आक्का कुबडीवर. बसमध्ये एकानं उठून जागा दिली तर आक्का म्हणाली, "हिला द्या, ही दमलीय." मला रडू आलं आणि रागही आला. मी खिडकीतून बाहेर उसाकडं बघत राहिले.

इमाममामांचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडं. अंगणात लिंबाखाली त्यांचं टेबल, टेबलाला व्हाइस, मागं भिंतीला खुंट्या. खुंट्यांवर लहानमोठी जुनी कॅलिपरं टांगलेली. कोणाचं पोरगं वाढलं आणि कॅलिपर लहान झालं, कोणी माणूस गेलं, की लोक ते मामांकडं आणून देतात. घरात ठेववत नाही, टाकवतही नाही. मामा त्यातलं जे चांगलं असेल ते दुसऱ्याला लावतात.

"नकुशे, आलीस व्हय?" मामा उठले. सत्तरी ओलांडलेला बारीक माणूस, चष्म्याला दोरी. "आन् ही अनिता. लई बारीक झाली गं. खातून, चहा ठेव."

आतून खातूनमामी गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आल्या, आक्काच्या तोंडावरून हात फिरवून परत आत गेल्या.

मामांनी कॅलिपर हातात घेतलं. आधी बघितलं नाही, हातोडीच्या टोकानं पट्टीवर वाजवलं. रेल्वेच्या माणसाची सवय. उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत जायचे आणि आवाजावरून तडा ओळखायचे. आतल्या पट्टीवर मारलं, खणखणीत वाजली. बाहेरच्या पट्टीवर मारलं, बोदा आवाज आला, कच्च्या मडक्याचा यावा तसा.

"आच कुनी दिली हिला?"

"मी," मी म्हटलं.

"सांधा झकास घातलाय. हात चांगला हाय तुझा. कुठं शिकलीस?"

"कंपनीत."

"मंग कंपनीत सांगितलं न्हाई, कडक पट्टी आचेनं नरम पडती म्हनून?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले. आक्का खुंट्यांवरची कॅलिपरं मोजत असल्यासारखी वर बघत होती. मामांनी माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

त्यांनी रिवेटची डोकी ड्रिलनं उडवली आणि पट्टी पोलादापासून वेगळी केली. आतून पांढरी भुकटी टेबलावर पडली. चमचाभर तरी असेल. पोलादाखाली झाकलेलं ॲल्युमिनियम वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारखं झालं होतं. वरून चकचकीत आणि आतून पोकळ.

मामांनी भुकटी बोटावर घेतली, चष्मा वर केला. "नकुशे, ह्याला मीठ कोन लावतंय?"

"मीठ? मीठ कशाला लावंल कुनी?"

"घामानं थोडं व्हतं. पन एवढं? हे मिठाचंच काम हाय. पोलाद आन् ॲल्युमिनियम अंगाला अंग लावून बसवलं आन् मधी मिठाचं पानी शिरलं, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पोलादाला काय बी व्हत न्हाई. दोघांतलं जे मवाळ, त्येच जातं."

मला एकदम कळलं.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात. वडिलांच्या हातोड्या, विळा, कोयता, शिवणाची कात्री. आई त्यांच्याबरोबर आक्काचं कॅलिपरही मांडायची. म्हणायची, "माज्या लेकीचं हत्यार हेच." आणि मांडायच्या आधी ती ते घासायची, देवाची तांब्या-पितळेची भांडी घासतात तसं, चिंच आणि मीठ लावून. कॅलिपर कसं लखलखायचं! सांध्याच्या फटीत चिंचेचा कोळ अडकायचा, तो ती काडीनं काढायची, मग पाणी ओतायची आणि उन्हात ठेवायची. आक्का त्या दिवशी सकाळभर एका जागी बसून राहायची आणि आई पट्ट्या घासत राहायची. आई गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. नऊ वर्षं मी घासत होते. यंदा दहा दिवसांपूर्वीच घासलं होतं. आईपेक्षाही जास्त मीठ लावून, कारण मला घाई असते.

"मीच लावते मामा," मी म्हटलं. "दसऱ्याला. आधी आई लावायची."

मामांनी टेबलावरची भुकटी हातानं गोळा केली आणि लिंबाच्या बुडाशी टाकली. "आईला काय ठावं? तिनं सोनं समजून घासलं आसंल."

आक्का रडायला लागली. मोडलं तेव्हा रडली नव्हती, पडली तेव्हा रडली नव्हती. आता पदरात तोंड घालून रडत होती, आणि मी तिच्या शेजारी नुसती बसून होते.  चौदा वर्षं धातू जोडतेय मी. तांब्याला ॲल्युमिनियम जोडलं की सांध्यावर प्लास्टिकची नळी चढवायची, ओल शिरू द्यायची नाही, हे रोज करते. घरी आले की ते ज्ञान कंपनीच्या लॉकरमध्ये राहायचं. देवघरात बसून मीठ चोळताना मी ऑपरेटर नव्हते, आईची मुलगी होते.

मामांनी भिंतीवरून एक कॅलिपर काढलं. बाहेरची पट्टी हातोडीनं वाजवली. खणखणीत.

"कुनाचं मामा?" आक्कानं डोळे पुसत विचारलं.

"राहू गावचे एक मास्तर हुते. तीस वर्सं ह्याच्यावर शाळंत गेले, सायकलवर मागं बसून. मागल्या साली वारले. त्यांची सून आनून देऊन गेली. चांगला मानूस हुता, पट्टीला कुठं वाक न्हाई बघ."

मग त्यांनी आक्काला उभं केलं. मामांची ही एक रीत आहे. बसलेल्या माणसाच्या पायाचं माप ते घेत नाहीत. म्हणतात, बसल्या पायाचं माप खोटं असतं, पाय उभा राहिला की खरं बोलतो. आक्का माझ्या आणि व्हाइसच्या आधारानं उभी राहिली, मामा खाली बसून पेन्सिलीनं खुणा करत राहिले. तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं. माझे पाय थरथरत होते, तिचाही थरथरत होता. कोणाचं थरथरणं कोणाला लागत होतं देव जाणे. "हलू नका गं," मामा खालून म्हणायचे. पंधरा मिनिटं आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

पट्टी कापली, भोकं पाडली. मग मामा म्हणाले, "खातून, तुजा तो गुडघ्याचा एक्स-रे हाय का?"

"कुनचा? जुना का नवा?"

"जुना. नवा डाक्टरला लागंल."

खातूनमामींनी आतून एक्स-रेची काळी फिल्म आणली. मामांनी कात्रीनं तिची पट्टी कापली, नेमकी गुडघ्याच्या वाटीतून. "ह्यातनं पानी जात न्हाई, वीज जात न्हाई. दोघांच्या मधी ही बसली की झालं. दोघं एकाच रिवेटनं बांधलेली, पन अंगाला अंग लागत न्हाई."

"माझा गुडघा गेला तो गेला, आता तुझ्या गुडघ्यात जाऊन बसतोय," मामी आक्काला म्हणाल्या, आणि रडता रडता आक्का हसली.

दोन्ही धातूंना रंगाचा हात दिला. तो वाळेपर्यंत मामींनी जेवायला वाढलं. मी जेवता जेवता भिंतीला टेकले आणि झोपले. जाग आली तेव्हा ऊन लिंबाच्या पलीकडं गेलं होतं आणि मामा रिवेट ठोकत होते. आग नाही, फ्लक्स नाही, नुसती हातोडी. बारीक, एकसारखे घाव. मधेच थांबून ते कान देऊन ऐकायचे. माझ्या सांध्यासारखा तो सुंदर नव्हता. पण आक्का त्यावर उभी राहिली, कडी पाडली, अंगणात तीन फेऱ्या मारल्या आणि पट्टी हलली नाही.

निघताना मामांनी पट्टीचा कापलेला तुकडा माझ्या हातात दिला. माझा चांदीसारखा सांधा त्याच्यावर अजून होता. "ठेव," ते म्हणाले. "आन् आता कोरड्या फडक्यानं पुसायचं. निस्तं कोरडं."

आम्ही घरी परत आलो आणि सोमवारी सकाळी पुन्हा त्याच बसनं दौंडला. मी खाडा केला होता. सुपरवायझरला फोनवर सांगितलं की बहिणीला नोकरीला सोडायचं आहे. तो म्हणाला, "दुसरं कुणी नाही का?" मी म्हटलं, "न्हाई."

वसतिगृहाचा जिना बाहेरून होता. सिमेंटच्या पायऱ्या, एकाच बाजूला लोखंडी कठडा. सेक्रेटरी आणि प्राची वर व्हरांड्यात उभे होते. सेक्रेटरींनी वरून हात केला. "तुम्ही खालीच थांबा ताई. त्यांना एकट्यांना येऊ द्या."

आक्कानं पदर खोचला. पिशवी माझ्या हातात होती. मला वाटलं, आता नाही बोलले तर हे माझ्या पोटात राहील आणि आतून भुकटी होईल.

"आक्का," मी हळू म्हटलं. "शनिवारी मी खोटं बोलले. मला ठाऊक हुतं. आचेनं पट्टी नरम पडती, मला ठाऊक हुतं."

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"मलाबी ठाऊक हुतं," ती म्हणाली.

"तुला?"

"रोज संध्याकाळी सांगतीस की. कुठली नळी नरम पडली, कुनाला साहेब बोलला. चौदा वर्सं ऐकतीया मी. तू बर्नर पेटवलास तवाच मला कळलं."

"मंग घातलंस कशाला? पडलीस की!"

आक्का पायऱ्यांकडं बघत होती. वर, शेवटच्या पायरीकडं.

"म्हनलं मोडतंय तर मोडू दे. मोडलं तर तुझ्यापाशीच ऱ्हाईन. मलाबी भ्या वाटत हुतं गं अने. आन् पडल्यावर वाटलं, तुलाच इचारावं मुद्दाम केलंस का. मी मुद्दाम घातलं का, ते मला कोन इचारनार?"

वरून सेक्रेटरी म्हणाले, "बाई, येताय ना?"

"आले," आक्का म्हणाली. आवाज मोठा, स्वच्छ. क्लासात पोरींना हाक मारते तसा. कडी नीट बसली का ते बोटानं चाचपलं, कठडा धरला आणि पहिली पायरी चढली.

मी मोजत होते. खाली दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पाच झाल्या. आठ झाल्या. डावा पाय वर, मग कंबर उचलून उजवा ताठ पाय ओढून घ्यायचा, टाचेचा आवाज, थांबायचं. पट्टी कुठं वाकत नव्हती. अकरा. बारा. मला तिच्या पाठीवर घामाचा डाग दिसत होता आणि मनात आलं, घामात मीठ असतं. मग एक्स-रेची पट्टी आठवली.

चौदाव्या पायरीवर ती थांबली. कठड्यावरचा हात पांढरा पडला होता. खांदा खाली गेला.  माझा पाय आपोआप पहिल्या पायरीवर गेला. आयुष्यभर जातोच तो, तिचा तोल गेला की माझा पाय पुढं.

"थांब तिथंच," आक्का म्हणाली. मागं वळली नाही. तिला माझा पाय दिसला नव्हता, चपलेचा आवाज ऐकू आला असेल.

तिनं श्वास घेतला. डावा पाय पंधराव्या पायरीवर ठेवला.

मी माझा पाय खाली घेतला.